एचआयव्ही तपासणी आणि कायदा : डॉक्टर, रुग्णालय आणि लॅब यांच्यावर काय बंधन आहे?

ऑपरेशन ठरलं की तपासण्यांची चिठ्ठी हातात येते. सीबीसी, साखर, क्रिएटिनिन यांच्या खाली एचआयव्हीच्या चौकटीतही खूण केलेली असते. ती का केली हे कुणी सांगत नाही, आणि घाईगडबडीत आपणही विचारत नाही. खालचे बरेचसे प्रश्न या खुणेभोवतीच फिरतात. उत्तरं भारतातल्या कायद्याप्रमाणे दिली आहेत. माहिती सर्वसाधारण आहे, त्यामुळे स्वतःच्या प्रकरणात पाऊल उचलण्याआधी वकिलांशी किंवा समुपदेशकाशी बोलून घ्या.

यासाठी वेगळा कायदा आहे का?

आहे. त्याला सगळे थोडक्यात ‘एचआयव्ही-एड्स कायदा, २०१७’ म्हणतात. विधेयक २०१४ मध्ये राज्यसभेत आलं, २०१७ च्या मार्च-एप्रिलमध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं आणि २० एप्रिल २०१७ ला राष्ट्रपतींची सही झाली. प्रत्यक्ष अंमल मात्र १० सप्टेंबर २०१८ पासून सुरू झाला. सरकारी रुग्णालय, खासगी नर्सिंग होम, गल्लीतली पॅथॉलॉजी लॅब, रक्तपेढी, सगळे त्याच्या कक्षेत येतात. ‘आम्ही खासगी आहोत, आमचे नियम वेगळे’ हे उत्तर चालत नाही.

त्याआधी काय होतं ते थोडं सांगायला हवं. १९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसूझा या तरुणाने रक्तदान केलं. त्या रक्तात एचआयव्ही सापडला म्हणून तिथल्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली त्याला पकडून ६४ दिवस एकटं डांबून ठेवलं. त्याने गुन्हा काहीच केला नव्हता. त्याने फक्त रक्त दिलं होतं. आजच्या कायद्यात संमती आणि गोपनीयता यांवर एवढा भर का आहे, हे अशा प्रकरणांवरून कळतं.

प्रत्येक डॉक्टरने प्रत्येक रुग्णाला ही तपासणी सुचवलीच पाहिजे, असं कायदा म्हणतो का?

नाही, आपल्याकडे तसं सरसकट बंधन नाही. काही ठिकाणी आहे. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याने २०१० मध्ये असा कायदा केला की १३ ते ६४ वयाचा रुग्ण आला की डॉक्टरने त्याला एचआयव्ही तपासणीबद्दल विचारायचंच. पुढे ६४ ची मर्यादाही काढून टाकली. तिथला रोख ‘विचारायला विसरू नका’ असा आहे.

आपला कायदा दुसऱ्या टोकाकडून येतो. तपासणी सुचवायची की नाही हे त्याने वैद्यकीय निर्णयावर आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे नॅकोच्या धोरणावर सोडलं आहे. तपासणी करायची ठरली तर ती कशी करायची, हे मात्र कायद्याने पक्कं बांधून दिलं आहे. धोरणाप्रमाणे काही जणांना तपासणी सुचवणं अपेक्षितच असतं. त्यात गरोदर स्त्रिया, टीबीचे रुग्ण, गुप्तरोगाच्या तक्रारी घेऊन येणारे आणि ज्यांच्या लक्षणांवरून डॉक्टरला शंका येते असे रुग्ण येतात. यांच्या बाबतीत सुचवण्याचं काम डॉक्टरचं, आणि हो किंवा नाही म्हणण्याचा हक्क रुग्णाचा.

संमती म्हणजे नेमकं काय? दाखल होताना सही केली होती, ती पुरते का?

बहुतेक वेळा नाही. कलम ५ म्हणतं की माहितीपूर्ण संमतीशिवाय कुणाचीही एचआयव्ही तपासणी करायची नाही. यातला ‘कुणाचीही’ हा शब्द महत्त्वाचा आहे. संशयित, रुग्ण किंवा अमुक गटातली व्यक्ती असा त्यात भेद नाही.

संमतीची व्याख्याही कायद्यात दिली आहे आणि ती चांगली कडक आहे. संमती त्या विशिष्ट तपासणीसाठीच हवी. ती दबावाखाली, फसवून किंवा चुकीची माहिती देऊन घेतलेली नसावी. तपासणीचे फायदे, जोखीम आणि पर्याय आधी सांगितलेले असावेत. आणि हे सगळं त्या माणसाला समजेल अशा भाषेत आणि अशा पद्धतीने सांगितलेलं असावं. आता दाखल होतानाचा फॉर्म आठवून पाहा. तीन पानं बारीक इंग्रजी अक्षरांची, काउंटरवर मागे रांग, आणि ‘इथे, इथे आणि इथे सही करा’ असं म्हणत खाली सरकणारं पेन. ‘आवश्यक त्या सर्व तपासण्यांना माझी संमती आहे’ असं त्यात कुठेतरी छापलेलं असतं. ते वाक्य या व्याख्येत बसवणं कोणत्याही रुग्णालयाला जड जाईल.

संमतीचा दुसरा भाग आहे समुपदेशन. तपासणीच्या आधीचं आणि नंतरचं, अशी दोन्ही समुपदेशनं कायद्याने संमतीतच धरली आहेत. त्यामुळे रक्त घेताना विचारलं पण रिपोर्ट देताना कुणी बोललंच नाही, तरी प्रक्रिया अपुरीच राहते. तपासणीआधीच्या बोलण्याला फार वेळ लागत नाही. तपासणी कशाची आहे, का सुचवली, निकाल काय काय येऊ शकतो, पुढे काय करता येतं, माहिती कुणाला कळेल आणि नाही म्हटलं तर काय होईल, एवढं सांगायचं असतं. वर्दळीच्या ओपीडीतही हे जमतं, सांगायची इच्छा असली तर.

ऑपरेशनच्या आधी सगळ्यांची एचआयव्ही तपासणी करतात. हे कायदेशीर आहे का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि त्याचं उत्तर बऱ्याच डॉक्टरांना आवडत नाही.

विचारून, समजावून, संमती घेऊन तपासणी केली तर कायदेशीर आहे. न विचारता केली तर कलम ५ चा भंग होतो. आणि ‘तपासणी केल्याशिवाय ऑपरेशनला घेणार नाही’ अशी अट घातली तर कलम ३ आड येतं. आरोग्यसेवा मिळण्यासाठी किंवा ती चालू राहण्यासाठी एचआयव्ही तपासणीची पूर्वअट घालणं त्या कलमाने भेदभाव ठरवलं आहे.

डॉक्टरांची बाजूही ऐकून घ्यायला हवी. सर्जन म्हणतात, आमचे हात रक्तात असतात, आम्हाला कळायला नको का? भीती खरी आहे. पण तपासणीने ती भीती दूर होत नाही. संसर्ग नुकताच झाला असेल तर काही आठवडे रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. त्या रिपोर्टवर विसंबून डबल ग्लोव्हज काढणारा सर्जन जास्त धोक्यात असतो. शिवाय हिपॅटायटिस बी आणि सी हेही रक्तातूनच पसरतात. म्हणून वैद्यकशास्त्राचा नियम असा आहे की प्रत्येक रुग्णाचं रक्त संसर्गजन्य आहे असं धरूनच काम करायचं. ग्लोव्हज, गाऊन, चष्मा, सुया टाकायचा पंक्चर न होणारा डबा, सगळं प्रत्येक वेळी वापरायचं. हे साहित्य आणि त्याचं प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना पुरवणं ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. ती कलम १९ ने घातली आहे आणि तिचा खर्च रुग्णालयाने सोसायचा आहे. माझ्या मते खरी गोम इथेच आहे. सरसकट तपासणीचा खर्च रुग्णाच्या बिलात जातो, संरक्षक साहित्याचा खर्च रुग्णालयाला पडतो.

मी तपासणीला नाही म्हटलं तर उपचार नाकारू शकतात का?

नाही. नकार हा तुमचा हक्क आहे आणि त्यावरून उपचार थांबवता येत नाहीत. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तरी उपचार नाकारणं, ‘आमच्याकडे सोय नाही’ म्हणून टोलवणं किंवा वेगळ्या कोपऱ्यात ठेवणं, हा सगळा कलम ३ खाली भेदभावच आहे.

एक वेगळी परिस्थिती लक्षात घ्या. काही वेळा उपचारासाठीच एचआयव्हीची स्थिती कळणं गरजेचं असतं. बरा न होणारा ताप, घटत गेलेलं वजन, तोंडात पांढरा थर, पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया अशा वेळी डॉक्टर तपासणीचा आग्रह धरतील, आणि तो आग्रह तुमच्या भल्याचा असेल. नकार द्यायचा हक्क तेव्हाही आहे. पण औषध नेमकं कशावर द्यायचं हे डॉक्टरला कळणार नाही, ही किंमत त्या नकाराला आहे.

संमती न घेता तपासणी करता येते असे काही अपवाद आहेत का?

कलम ६ मध्ये मोजके आहेत. समोरच्या प्रकरणाचा निर्णय देण्यासाठी तपासणी गरजेची आहे असा न्यायालयाने आदेश दिला तर. परवाना असलेल्या रक्तपेढीत रक्त तपासताना. उपचार किंवा संशोधनासाठी अवयव, ऊती, वीर्य वगैरे घेताना. आणि साथीचा अंदाज घेण्यासाठी निनावी सर्वेक्षण होतं तेव्हा. त्यात नमुना कुणाचा हे कळत नसतं, मात्र अभ्यास चालू आहे हे संबंधितांना सांगावं लागतं.

रक्तदात्यांसाठी एक गोष्ट. दान केलेली प्रत्येक पिशवी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस आणि मलेरिया यांसाठी तपासली जाते. काही जण फुकट तपासणी होते म्हणून शिबिरात रक्त द्यायला जातात. कृपया असं करू नका. संसर्ग नुकताच झाला असेल तर तो तपासणीतून निसटू शकतो आणि ते रक्त थेट दुसऱ्याच्या अंगात जाऊ शकतं. तपासणीच हवी असेल तर सरकारी केंद्रात ती मोफत होते.

रुग्ण बेशुद्ध आहे, हा अपवादांत येत नाही. तिथे संमती त्याच्या प्रतिनिधीकडून घ्यायची असते, आणि तातडीचे उपचार तपासणीसाठी खोळंबत नाहीत.

गरोदरपणात ही तपासणी सक्तीची आहे का?

सक्तीची नाही, पण ती जरूर करून घ्यावी. पहिल्याच भेटीत हिमोग्लोबिन, रक्तगट, सिफिलिस यांच्याबरोबर एचआयव्हीची तपासणी सुचवायची, असं सरकारी धोरण आहे. पद्धत अशी की सगळ्यांना सांगून तपासणी करतात आणि जिला नको असेल ती नाही म्हणू शकते. उपकेंद्रावर सिस्टर बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त पट्टीवर घेतात आणि काही मिनिटांत रेघ दिसते. ही प्राथमिक चाचणी असते. पट्टीवर रेघ उमटली तरी तिच्यावरून निदान करायचं नसतं. बाईंना पुढच्या केंद्रात पाठवून खात्री करून घ्यायची असते.

मी एवढ्या ठामपणे ‘करून घ्या’ का म्हणतो? काहीच उपचार न केल्यास गरोदरपणात, बाळंतपणात आणि स्तनपानातून मिळून बाळाला संसर्ग होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. आईला वेळेवर औषधं मिळाली तर ती ५ टक्क्यांच्या खाली आणता येते. एका थेंबावर एवढा फरक पडतो.

तरीही ‘बाळासाठी करावीच लागेल, सही करा’ असं दटावणं हे समुपदेशन नव्हे. आणि रिपोर्ट बाईच्या आधी सासूला किंवा नवऱ्याला सांगणं तर उघड बेकायदा आहे. हे अजूनही घडतं, बहुतेक वेळा ‘घरच्यांना कळायला हवं’ अशा भाबड्या समजुतीतून.

लहान मुलांची आणि किशोरवयीनांची तपासणी कशी होते?

१८ वर्षांखालच्या मुलासाठी आई-वडिलांची किंवा पालकांची संमती घेतात. कळत्या वयाच्या मुलाला समजावून सांगितलेलं बरंच.

दीड वर्षाखालच्या बाळांत नेहमीची अँटिबॉडी चाचणी (विषाणूविरुद्ध शरीरात तयार होणारे घटक शोधणारी) दिशाभूल करते, कारण आईच्या अँटिबॉडी बाळाच्या रक्तात असतात. बाळाला संसर्ग नसतानाही चाचणी पॉझिटिव्ह दिसू शकते. म्हणून आई पॉझिटिव्ह असल्यास सहाव्या आठवड्यापासून विषाणूच शोधणारी वेगळी चाचणी करतात आणि ती ठरावीक अंतराने पुन्हा करतात. एखाद्या लॅबने चार महिन्यांच्या बाळाची साधी चाचणी करून ‘पॉझिटिव्ह’ असा कागद हातात दिला, तर तो कागद घेऊन थेट सरकारी केंद्र गाठा.

टीबी झाला म्हणून एचआयव्ही तपासणी सांगितली. डॉक्टरांना माझ्यावर संशय आहे का?

नाही. टीबीच्या प्रत्येक रुग्णाला ही तपासणी सुचवायची असते, कारण एचआयव्ही असलेल्यांत टीबी सहज उफाळतो आणि दोन्ही असतील तर औषधांचं गणित बदलतं. टीबीचे डॉक्टर हे विचारायला विसरले तर चूक त्यांची आहे.

खासगी लॅबने बंद पाकिटात ‘रिॲक्टिव्ह’ असा रिपोर्ट दिला. आता काय?

पहिली गोष्ट, एका चाचणीचा ‘रिॲक्टिव्ह’, म्हणजे त्या चाचणीत एचआयव्हीची खूण दिसणं, हे अंतिम निदान नव्हे. निदान पक्कं करण्यासाठी वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणाऱ्या वेगवेगळ्या किटवर तपासणी करावी लागते. सरकारी केंद्रात निदानासाठी असे तीन किट वापरतात.

दुसरी गोष्ट, पाकीट देऊन मोकळं होणं हे लॅबच्या कर्तव्यात बसत नाही. कलम ७ प्रमाणे कोणतीही लॅब, निदान केंद्र किंवा रक्तपेढी ठरवून दिलेली मार्गदर्शक तत्त्वं पाळल्याशिवाय एचआयव्ही तपासणी करूच शकत नाही. काउंटरवरच्या मुलाने बिलाच्या पावतीबरोबर पाकीट सरकवलं, तुम्ही जिन्यात उभं राहून ते फोडलं आणि पायाखालची जमीन सरकली. अशी वेळ कुणावर येऊ नये म्हणून तर तपासणीनंतरचं समुपदेशन कायद्यात घातलं आहे.

सरकारी केंद्रात तपासणी कशी होते?

जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, बहुतेक ग्रामीण रुग्णालयं आणि वैद्यकीय महाविद्यालयं इथे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र असतं. बोलताना सगळे त्याला आयसीटीसी म्हणतात. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवायही जाता येतं आणि तपासणी मोफत असते. आधी समुपदेशक वेगळ्या खोलीत बोलतात, मग रक्त घेतात, आणि रिपोर्ट पुन्हा समुपदेशकच तुमच्या हातात देतात. रिपोर्ट ते मोठ्याने वाचून दाखवत नाहीत आणि सोबत आलेल्या माणसाकडेही देत नाहीत.

संसर्ग पक्का झाला तर एआरटी केंद्राशी, म्हणजे एचआयव्हीला रोखणारी औषधं देणाऱ्या केंद्राशी जोडून देतात. एआरटीची औषधं सरकारकडून २००४ पासून मोफत मिळतात. २०१७ पासून सीडी४ (रोगप्रतिकार करणाऱ्या पेशींचा आकडा) कितीही असला तरी निदान झालं की उपचार सुरू करायचे, असं धोरण आहे. कुठे जायचं कळत नसेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर फोन करा.

तपासणी किती दिवसांनी करावी?

बहुतेकांत संसर्गानंतर महिनाभरात अँटिबॉडी दिसू लागतात, काहींत जास्त वेळ लागतो. म्हणून धोक्याच्या प्रसंगानंतर निगेटिव्ह आलेली चाचणी तीन महिन्यांनी पुन्हा करायला सांगतात. आणि प्रसंग होऊन ७२ तास उलटले नसतील, तर तपासणीच्या आधी प्रतिबंधक औषधांबद्दल विचारा. ती जितकी लवकर सुरू होतील तितकी चांगली, आणि २८ दिवस घ्यावी लागतात.

माझा रिपोर्ट डॉक्टर माझ्या नवऱ्याला किंवा बायकोला सांगणार का?

इथे कायदा बराच बारकाईने लिहिला आहे. साधारण नियम असा की विश्वासाच्या नात्यातून कळलेली एचआयव्हीची माहिती त्या व्यक्तीच्या संमतीशिवाय कुणालाही सांगायची नाही. उपचारात थेट सहभागी असलेल्या दुसऱ्या डॉक्टरला गरजेपुरती सांगता येते, न्यायालयाने आदेश दिला तर सांगावी लागते.

जोडीदाराचा मार्ग कलम ९ मध्ये आहे. जोडीदार म्हणजे पती, पत्नी किंवा लग्नासारख्या नात्यात राहणारी व्यक्ती. तिला सांगण्याची मुभा फक्त डॉक्टर किंवा समुपदेशकाला आहे. सिस्टर, लॅबचे तंत्रज्ञ, वॉर्डबॉय, रिसेप्शनवरच्या ताई यांना ती मुळीच नाही. डॉक्टरलाही थेट फोन फिरवता येत नाही. जोडीदाराला संसर्गाचा मोठा धोका आहे असं त्याला सकारण वाटलं पाहिजे. ‘तुम्ही स्वतः सांगा’ म्हणून आधी तुमचं समुपदेशन झालेलं असलं पाहिजे. तुम्ही सांगणार नाही याची त्याची खात्री पटली पाहिजे. आणि ‘आता मी सांगणार आहे’ हे त्याने आधी तुम्हाला सांगितलं पाहिजे. त्यानंतर जोडीदाराला समक्ष बोलावून, समुपदेशन करून सांगायचं. फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर नाही.

यात स्त्रियांसाठी महत्त्वाचा अपवाद आहे. सांगितल्यावर तिला मारहाण होईल, घराबाहेर काढतील किंवा तिच्या वा मुलांच्या जिवाला, मनाला मोठी इजा होईल अशी सकारण भीती असेल, तर सांगायचं नाही. गरोदरपणाच्या तपासणीत आधी बाईचाच रिपोर्ट येतो आणि ‘हिनेच घरात आणलं’ असा ठपका तिच्यावर बसतो, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना ही तरतूद का घातली ते विचारावं लागत नाही.

रुग्णालयाने माझ्या फाईलवर लाल अक्षरांत ‘एचआयव्ही’ लिहिलं. चालतं का?

नाही. केसपेपरच्या आत उपचारासाठी नोंद असणं वेगळं. कव्हरवर, पलंगाच्या पायथ्याशी लटकवलेल्या बोर्डवर किंवा ऑपरेशनच्या यादीत नावापुढे लिहिणं म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला सांगणं. कलम ११ प्रमाणे अशा नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेने त्या सुरक्षित ठेवायची व्यवस्था करायची असते. संगणकातल्या नोंदींनाही ते लागू आहे. आधी लेखी तक्रार करा आणि त्या फाईलचा फोटो काढून ठेवा.

नोकरीसाठी मेडिकलमध्ये एचआयव्ही तपासणी मागितली तर?

कलम ३ प्रमाणे नोकरी देण्यासाठी किंवा टिकवण्यासाठी एचआयव्ही तपासणीची अट घालता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने तर १९९७ मध्येच, हा कायदा नसताना, एका कामगाराच्या बाजूने निकाल दिला होता. काम करण्याइतकी तब्येत ठीक असेल आणि इतरांना धोका नसेल, तर केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही, असा त्याचा अर्थ होता. त्या माणसाला टोपणनावाने खटला चालवू दिला गेला. आजच्या कायद्यातही ओळख झाकून खटला चालवण्याची सोय आहे.

मेडिकल करणाऱ्या डॉक्टरलाही संमतीचा नियम चुकत नाही. कंपनीने फॉर्ममध्ये चौकट छापली म्हणून डॉक्टरची जबाबदारी संपत नाही.

लग्नाआधी तपासणी सक्तीची आहे का?

केंद्राच्या कायद्यात तशी सक्ती नाही. दोघांनी आपणहून ठरवून, एकत्र जाऊन तपासून घेतलं तर उत्तमच. पण मुलाकडच्यांनी मुलीच्या नकळत ओळखीच्या लॅबकडून रिपोर्ट मिळवणं बेकायदा आहे, आणि तो रिपोर्ट देणारी लॅबही त्यात अडकते.

विम्यासाठी?

विमा नाकारण्याआधी कंपनीकडे जोखमीच्या शास्त्रीय आकडेमोडीचा आधार असावा लागतो. नुसतं ‘पॉझिटिव्ह आहे’ एवढं पुरत नाही. तपासणी केलीच तर संमतीचे नियम तेच राहतात.

मी नर्स आहे. रुग्णाला टोचलेली सुई मला टोचली. त्याची तपासणी न विचारता करता येईल का?

नाही, त्याचीही संमती लागते. बहुतेक रुग्ण नीट विचारलं तर हो म्हणतात. पण त्याच्या रिपोर्टची वाट पाहत बसू नका. जखम साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, आणि लगेच कॅज्युअल्टीत जाऊन प्रतिबंधक औषधाचा पहिला डोस घ्या. शक्यतो दोन तासांच्या आत, फार तर ७२ तासांच्या आत. ही औषधं पुरवणं आणि घटनेची नोंद करणं रुग्णालयावर बंधनकारक आहे. ‘ड्युटी संपल्यावर बघू’ असं सुपरवायझर म्हणाले तरी थांबू नका.

तक्रार कुठे करायची?

पहिली पायरी संस्थेच्या आतच आहे. वीस किंवा त्याहून जास्त लोक काम करत असलेल्या प्रत्येक आरोग्यसंस्थेने तक्रार अधिकारी नेमायचा असतो. इतर आस्थापनांसाठी हा आकडा शंभर आहे. काउंटरवर विचारा, ‘एचआयव्ही कायद्याखालचे तक्रार अधिकारी कोण?’ बऱ्याचदा समोरचा गोंधळतो. पण एवढ्या प्रश्नानेही वागणूक सुधारते, हा अनुभव आहे.

तिथे दाद लागली नाही तर राज्य सरकारने नेमलेल्या लोकपालाकडे जाता येतं. हा लोकपाल भ्रष्टाचारवाला नव्हे, खास या कायद्याखालचा. त्याने तक्रारीवर ३० दिवसांत आदेश द्यायचा असतो. तातडीच्या उपचाराचा प्रश्न असेल, म्हणजे उदाहरणार्थ बाळंतपणाच्या कळा सुरू असताना दाखल करून घ्यायला नकार दिला, तर शक्यतो २४ तासांत. कागद लिहायला मदत हवी असेल तर जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथक किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरण यांच्याकडे जा.

तक्रारीत तारीख, वेळ, कोण काय बोललं हे सरळ शब्दांत लिहा. तपासणीची चिठ्ठी, बिल, रिपोर्ट यांच्या प्रती जोडा. बिलावर एचआयव्ही चाचणीची रक्कम लावलेली असते आणि संमतीचा कागद मात्र कुठेच नसतो. तो पुरावा रुग्णालयानेच छापून दिलेला असतो.

शिक्षा काय होते?

लोकपालाचा आदेश पाळला नाही तर १० हजार रुपयांपर्यंत दंड, आणि आदेश मोडणं चालूच राहिलं तर दर दिवशी आणखी ५ हजारांपर्यंत. न्यायालयातल्या प्रकरणातून कळलेली एखाद्याची एचआयव्हीची माहिती न्यायालयाच्या आदेशाशिवाय उघड केल्यास १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. एचआयव्ही असलेल्यांविरुद्ध द्वेष पसरवणारं काही छापलं किंवा बोललं तर ३ महिने ते २ वर्षं कैद, १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मला न विचारता तपासणी केली, पण रिपोर्ट निगेटिव्ह आला. तरी तक्रार करता येते?

येते. संमतीचं कलम ‘कोणत्याही व्यक्तीला’ लागू आहे. निकाल काय आला यावर ते अवलंबून नाही, आणि नियम मोडला जातो तो रक्त घेतानाच. रुग्णालय म्हणेल, ‘निगेटिव्हच आहे ना, मग कशाला?’ त्यांना तपासणीच्या चिठ्ठीवरची खूण दाखवा आणि संमतीचा कागद मागा.